दुसरा भाग घेऊन सोनाळ्याला

बुलढाणा जिल्ह्यात आठवडाभर राहून आले म्हटल्यावर पुण्यातल्या आमच्या सोसायटीतल्या बायकांनी विचारलं, "लोणारचं सरोवर पाहिलंत?" नाही पाहिलं. "शेगावला दर्शन?" बस बदलताना कळसाला हात जोडले, तेवढंच. "मग इतके दिवस पाहिलं काय?" म्हटलं, एका इंग्रज बाईंची चूक पाहायला गेले होते, ती माझीच निघाली. बायकांनी चहा संपवला आणि निघून गेल्या. तुम्हाला मात्र जरा बसावं लागेल.

ह्या इंग्रज बाई राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या. खेडेगावातल्या पाद्र्याची मुलगी. चूल सांभाळून, म्हाताऱ्या बापाची औषधपाण्याची वेळ पाळून त्यांनी स्वयंपाकघरातल्या मेजावर कादंबरी लिहिली आणि बाईमाणसाचं लिहिलेलं कोण वाचणार म्हणून पुरुषाच्या नावाने छापली. त्यांचं नाव आणि कादंबरीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. नाव लिहिलं की इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक मला दुरुस्त करायला घरी येतात आणि जेवल्याशिवाय जात नाहीत.

कादंबरीचे दोन जाड भाग. पहिल्यात शाळेत शिकवणारी एक गरीब, मानी मुलगी. तिला एक भला तरुण लग्नाचं विचारतो. मनात हो असतं, पण ती एक मोठं वाक्य बोलून नाही म्हणते. तो जहाजात बसून दूरदेशी निघून जातो. दुसऱ्या भागात तो परत येतो, पुन्हा विचारतो आणि ती हो म्हणते. मधे आगी, मृत्युपत्रं, खोटे काका वगैरे आहेत, ते सोडा.

एकोणिसाव्या वर्षी मी हे सगळं शास्त्र म्हणून वाचलं. पहिल्यांदा विचारलं की नाही म्हणायचं, दुसऱ्यांदा विचारलं की हो. इंग्लंडात असेलही तसं. अमडापुरात नव्हतं.

यंदा नातीने मला इंग्लंडला न्यायचं ठरवलं होतं, ह्याच बाईंचं घर बघायला. मी गुडघ्यांना तेल लावून तयारच होते. तेवढ्यात खामगावहून शालूचा फोन आला. शालू ही माझी कॉलेजातली मैत्रीण, माहेर सोनाळ्याचं. "भाऊचं हृदय कमजोर झालं वं नलू. डोळ्यायनं दिसत नाई आता. तुले भेटाचं असीन तं ये."

भाऊ म्हणजे तिचे थोरले भाऊ भास्करराव. त्यांनी मला एकदाच विचारलं होतं.

नातीला म्हटलं, बाईंचं घर इतकी वर्षं उभं आहे, आणखी सहा महिने राहील. आधी सोनाळा. मला भास्कररावांना एकच गोष्ट विचारायची होती: तुम्ही परत का आला नाहीत? कपाटातून कादंबरीचा दुसरा भाग काढला, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळला आणि चिखलीच्या बसमध्ये बसले.

अमडापूर

चिखलीहून खामगावच्या रस्त्याला लागलं की अमडापूर येतं. माझे वडील इथं शाळेत गुरुजी होते. बुलढाण्याचा कुणी साहेब बंगला रिकामा करून गेला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. लोकांनी खुर्च्या आणल्या, पंखे आणले. आमच्या वडिलांनी ह्या बाईंचे दोन भाग आणले. आई म्हणाली, "ह्यावर काय वाळत घालू?" आईला पुढचं दिसत असावं.

आम्ही भाड्याने राहायचो ते घर गेलं. तिथं आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. बल्लाळदेवीची टेकडी जागेवर आहे. लहानपणी होती त्याहून ठेंगणी वाटली, किंवा मी तिच्याकडे पायथ्यावरूनच बघत होते म्हणून असेल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर शेंगांनी लवलेली, मधूनच उशिराचा कापूस, पांढऱ्या केसांसारखा विस्कटलेला. थांब्याजवळच्या टपरीवर चहा घेतला. टपरीवालीने माझी चप्पल, माझा चष्मा, माझी काठी असं वरपर्यंत बघून विचारलं, "कोनाच्या तुमी?"

पुण्यात विचारतात, "कोणाकडे आलात?" म्हणजे जाणार कधी. इथं विचारतात, "कोनाच्या?" म्हणजे आहात कधीपासून.

"गुरुजींची नलू," मी म्हटलं.

"कोनते गुरुजी?"

नाव सांगितलं. तिने मान हलवली. "माह्या सासूले माईत असीन. पन ते गेली." आणि चहात आणखी दूध ओतलं, न विचारता. गावात माझी ओळख उरली ती एवढी, वरच्या दुधापुरती.

त्याच थांब्यावर ते झालं होतं. तिथला कडुलिंब रस्ता रुंद करताना गेला. खामगावला मी आणि शालू एका खोलीत राहायचो. भास्करराव घरून ज्वारी, डाळ, संत्री घेऊन यायचे. ते स्वतः कॉलेज अर्धवट सोडून शेतीत उतरले होते, पण वाचायचे खूप. मी त्यांना पहिला भाग वाचायला दिला. दुसरा मुद्दाम दिला नाही. तो मागायला येतील, तेव्हा देऊ, असा बेत. दिवाळीच्या सुटीत शालूचा काही निरोप घेऊन ते अमडापूरला आले. निरोप काय होता ते त्यांनाही आठवत नसावं. मी त्यांना थांब्यापर्यंत सोडायला गेले.

"नलू, घरच्यायले बोलनं कराले पाठवू का?"

एवढंच. हातात आमच्या घरी रिकामी केलेली संत्र्यांची पिशवी. दोन्ही घरं एकाच जातीतली, पत्रिका बघणारे काकासुद्धा एकच. आड यायला काहीच नव्हतं, म्हणून मीच पुस्तक आणलं. मान उंच केली, वेणी पुढे घेतली आणि नायिकेचं ते मोठं वाक्य इंग्रजीत म्हटलं, की मी अजून माझी स्वतःचीच झालेली नाही, तर दुसऱ्याची कशी होऊ. वाक्य चालू असताना एक बकरी माझा पदर चावत होती. त्या थांब्यावर आम्हा दोघींत अक्कल बकरीला होती. तिला जे हवं होतं ते ती खात होती.

भास्करराव म्हणाले, "बरं." आणि बस आली.

वऱ्हाडात नकार म्हणजे नकार. ज्या घरातून नाही आलं, त्या घराचा उंबरा सोयरिकीसाठी पुन्हा कोणी चढत नाही. चढलं तर मुलीच्या नावाला बोल लागतो आणि चढणाऱ्याच्या बापाची मान खाली जाते. हे मला ठाऊक नव्हतं असं कुठल्या तोंडाने म्हणू? माझ्या आत्याची सोयरीक ह्याच रीतीत कायमची राहून गेलेली मी पाहिली होती. पण तेव्हा मी अमडापुरात राहत नव्हते. इंग्लंडात राहत होते.

ते सातपुडा ओलांडून खंडव्याला गेले, एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागले; सोनाळ्याला परतले ते माझं लग्न होऊन गेल्यावर. मी वर्षभर वाट पाहिली. मग पुण्याचं स्थळ आलं. माणूस सरळ होता. त्याने एकदा विचारलं आणि मी तोंडातला पोह्यांचा घास गिळायच्या आत हो म्हटलं. शहाणपण यायचं ते असं, पुढच्या स्टेशनावर. संसार चांगला झाला. तक्रार नाही. चुटपुट आहे.

खामगाव, आणि पूर्णेच्या पलीकडे

शालू आता माझ्याहून रुंद झाली आहे आणि माझ्याहून भरभर चालते, हे मला पटलेलं नाही. तिने सकाळी ज्वारीची भाकर, मिरचीची झणझणीत भाजी आणि वर दही असा नाष्टा वाढला. पुण्यात मी ह्या वेळी ओट्स खाते. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. शालू म्हणाली, "रडू नको, अजून सोनाळा दूर हाये."

शेगावला बस बदलली. पुढे सपाट काळी जमीन, लांबवर काही नाही. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा. जमिनीतलं पाणीच खारट. इथल्या चहात कितीही साखर घाला, तळाशी मीठ आहेच. बसमध्ये मी शालूला बाईंचं चरित्र सांगितलं. मला ते साठी उलटल्यावर वाचायला मिळालं होतं.

"त्या बाईंना स्वतःला एका डॉक्टरानं विचारलं होतं," मी म्हटलं. "बापाला कोण बघणार म्हणून त्या नाही म्हणाल्या. तो पुन्हा येईल असं त्यांना वाटत होतं. रोज संध्याकाळी खिडकीत दिवा ठेवायच्या."

"मंग आला?"

"नाही आला. दूर कुठं जाऊन लग्न केलं, सुखात राहिला. मग बाईंनी दुसरा भाग लिहिला आणि त्यात त्याला परत आणला."

शालू खिडकीबाहेर बघत राहिली. "म्हंजे तिले सोताले नाई भेटलं, ते तिनं त्या पोरीले देल्लं."

"हाव."

"अन् तू ते खरं समजली."

"हाव."

"लय शिकेल होतो वं आपून," शालू म्हणाली.

चरित्र लिहिणाऱ्यावर माझा तेव्हापासून राग आहे. ही माणसं चरित्र आधी छापत नाहीत. कादंबरी पहिली हाती येते, खरं काय झालं ते म्हातारपणी.

वरवट बकालला बस थांबली. चार रस्ते एकत्र येतात ते गाव. ड्रायव्हर उतरला, म्हणून आम्ही उतरलो. आलूबोंडा गरम निघत होता. रस्सा आणखी मागितला. वळून बघतो तर बस नाही. वरच्या फळीवर माझी पिशवी, पिशवीत शालूचा जेवणाचा डबा आणि दुसरा भाग.

मी मटकन बाकावर बसले. इतकी वर्षं पुण्यात कपाटात सांभाळलेलं पुस्तक, सोनाळा हाकेवर आला असताना आलूबोंड्यापायी गेलं. शालूने एक ऑटो थांबवला. ऑटोवाल्याने आम्हा दोघींकडे बघून विचारलं, "काय राह्यलं बसमदी? सोनं?"

"त्याच्याहून जुनं," शालू म्हणाली. "पळव."

ऑटो कसली पळतेय. सातपुडा समोर निळा, मग हिरवा, मग झाडं वेगळी दिसण्याइतका जवळ आला. संत्र्यांच्या बागा लागल्या, फळं काठ्यांच्या आधारावर तोललेली. माझं लक्ष नव्हतं. रिकाम्या हाताने मी त्या घरात काय म्हणून जाणार होते? पुस्तक दिलं, वाचलं, आणि ओघात विचारलं, असा माझा बेत. ह्या वयातही बेतच करते, बघा.

सोनाळा

दारात भास्कररावांच्या पत्नी उभ्या होत्या, सिंधूवहिनी. बारीक चणीच्या, कपाळावर मोठं कुंकू. त्यांच्या हातात माझं पुस्तक होतं. साडीचा तुकडा सोडून नीट घडी करून काखेत धरलेला.

"ह्या पुस्तकाच्या तुमी न?" त्या म्हणाल्या.

झालं होतं असं. शालूच्या डब्यावर नाव कोरलेलं आहे: चि. शालूस भास्करकडून, सोनाळा. तिच्या लग्नातला डबा. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते हरवू नये म्हणून. इथं भांड्यानेच अख्ख्या पिशवीला पत्ता दिला. कंडक्टरने ते वाचून दाखवलं, गावातल्या कुणीतरी पिशवी उचलली आणि थेट घरी आणून दिली. मी अडवून ठेवलेला दुसरा भाग माझ्याआधी सोनाळ्याला पोचला.

"मले वाटलंच," वहिनी म्हणाल्या. "असंच लाल पुठ्ठ्याचं एक आमच्या फळीवर हाये. ह्यायनं कोनाले हात लावू देल्ला नाई कधी. या आत. चप्पल राहू द्या, पाय धुवायले गरम पानी काढलं."

मी पाय धुतले. अख्ख्या प्रवासात पहिल्यांदा मला पळून जावंसं वाटलं.

भास्करराव अंगणात बाजेवर बसले होते. उंच माणूस दुमडून ठेवल्यासारखे. नजर माझ्या आवाजाच्या थोडी बाजूला. "नलू न? आवाज नाई बदलला. इंग्रजी येते अजून?"

"विसरत चालले," मी म्हटलं.

"मंग सुटली."

सगळे हसलो. वहिनींनी तुरीच्या हिरव्या शेंगांचं टोपलं मधे ठेवलं, रात्रीच्या सोलेभातासाठी दाणे काढायचे होते. मला आणि शालूला एकेक ताट दिलं. ह्या भागात पाहुणीला कामाला लावतात म्हणजे तिला घरातलं धरलं. पुण्यात मी पाहुण्यांना कोस्टर देते.

"वाच न ते," भास्करराव म्हणाले. "सिंधूनं हातात देल्लं तवा जाड लागलं. कोनतं हाये?"

"दुसरा भाग."

"कायचा?"

"त्याच कादंबरीचा."

त्यांची मान वळली. वहिनी म्हणाल्या, "भर दिवसा गोष्ट सांगू नाई, मामा वाट चुकते म्हंतेत."

"माह्या पोरायचा मामा इथंसा बाजीवर हाये," शालू म्हणाली. "आता कुठी चुकते?"

मी ते प्रकरण काढलं. इंग्रजी वाक्य वाचायचं, मग आमच्या बोलीत सांगायचं. पुण्यात इतकी वर्षं काढून ती बोली माझ्या तोंडात गंजली असेल असं वाटलं होतं, पण नायिका वऱ्हाडीत लगेच माणसात आली. तो जहाजातून उतरतो. ती बागेत सफरचंदं गोळा करत असते. ती म्हणते, तुमी वापस आले? तो म्हणतो, तू नाई म्हटलं होतं, पन तुह्या डोळ्यायनं नाई म्हटलं नव्हतं. मंग तो पुन्हा इचारतो. आन् ते हो म्हंते.

पुस्तक मिटलं. शेंगा फोडल्याचा आवाज तेवढा चालू होता.

"म्हंजे तो वापस येते?" भास्करराव म्हणाले.

"हो."

"मले माईतच नव्हतं का याच्यापुढे काई हाये."

"म्हणजे?"

"तुवा देल्लेल्या पुस्तकात तो जहाजात बसते अन् सरते. पयलं पान फाटेल होतं. मले वाटलं गोष्ट सरली." त्यांनी बाजेची दोरी चाचपली. "लय खरं लिहिलं बाईनं, असं वाटलं मले. बाकी पुस्तकात शेवटी समदे भेटतेत. हिनं नाई भेटवलं. म्हून मी ते जपून ठेवलं."

मी तिथं बसले होते, मांडीवर ताट, ताटात हिरवे दाणे. इतकी वर्षं मी धरून चालले होते की ते दुसरा भाग मागायला आले नाहीत. त्यांच्या लेखी दुसरा भाग नव्हताच. मी एक शब्द सांगितला असता, की अजून आहे. पण नाही. नायिका असलं सांगत नाहीत.

मग मी विचारलं. त्यासाठीच गेले होते. "हा भाग वाचला असता, तर तुम्ही परत आला असता?"

शेंगांचा आवाज थांबला. भास्कररावांनी मान त्या बाजूला वळवली, जिथं आवाज बंद झाला होता. आंधळ्या माणसाला शांतता कुणाची आहे हेही कळत असावं. शालू पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. मला वाटलं, उठावं आणि ताट आत ठेवावं.

"सांगा न," वहिनी म्हणाल्या. "इतक्या दुरून आल्या त्या. मी काय आता माहेरी जातो?"

"आलो असतो, वाटते," भास्करराव म्हणाले.

मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते हातात घेऊन काय करायचं हे मला कळेना.

वहिनींनी एक शेंग उचलली, अंगठ्याने फोडली, दाणे ताटात पाडले. "मंग बरं केलं ताई," त्या मला म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, "अर्धंच देल्लं तुमी."

आणि दाणे पाखडायला सूप आणायला उठल्या. भास्करराव तिकडे तोंड करून बसून राहिले, त्या परत येईपर्यंत.

सोलेभात उत्तम झाला होता. वर कच्चं तेल, बाजूला कांदा. वहिनींनी भास्कररावांचा हात धरून ताटाच्या कडेला ठेवला, भात कुठे, कढी कुठे ते बोटाने दाखवलं. न बोलता, न बघता, जसं आपण आपल्या डोक्यावरचा पदर सारखा करतो. मी तो हात बघितला. मी जेवले. दोनदा वाढून घेतलं.

परत

निघताना मी दुसरा भाग बाजेच्या उशाशी ठेवला. तेवढ्यासाठीच नेला होता. वहिनी तो घेऊन थांब्यापर्यंत आल्या, आणि त्याच्यासोबत फळीवरचा पहिलाही.

"हे दोनी घेऊन जा. जोडी कायले फोडाची?"

"राहू द्या. भास्कररावांना वाचून दाखवेल कुणी."

"ह्यायनंच सांगतलं, तुमाले वापस दे म्हून." त्यांनी पिशवीत वर संत्री भरली, पुस्तकं दिसू नयेत इतकी. "आमचं अर्ध्यात भागलं, ताई."

बस सुटली तेव्हा त्या हात न हलवता उभ्या होत्या, पदर दातात धरून, बस वळेपर्यंत. मग वरवट बकाल आलं. तिथं बस थांबली, आलूबोंडे तळले जात होते. आम्ही दोघीही उतरलो नाही.

नात विचारते, इंग्लंडचं काय ठरलं. मी म्हणते, जाऊ. बाईंच्या खिडकीत उभं राहून त्यांना दोन शब्द बोलायचे आहेत.

सध्या दोन्ही भाग कपाटात शेजारी आहेत. दुसरा अजून कडक आहे, ताठ उभा राहतो. तो मी फारसा उघडलाच नाही. पहिल्याची शिवण इतकी सैल झाली आहे की कितीदा वाचला असेल कोण जाणे. तो एकटा उभा राहत नाही. दुसऱ्याला टेकवून ठेवला आहे.